महागड्या प्रोसेसरसोबत कूलर यायला हवा का?

इंटेलचे कोअर आय९-१२९००के आणि कोअर आय९-१२९०० हे दोन प्रोसेसर शेजारी ठेवून पाहा. पिढी एक, सॉकेट (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) एक, कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, दोघांतही सोळाच. पहिला जास्त महाग, तरी त्याच्या खोक्यात नुसता प्रोसेसर. दुसरा त्याहून स्वस्त, आणि त्याच्यासोबत त्याला थंड ठेवणारा, पंखा बसवलेला कूलर. पहिल्यांदाच कॉम्प्युटर असेंबल करणाऱ्याला ही उलटी गंगा वाटते. जास्त पैसे मोजल्यावर वस्तू जास्त मिळायला हवी, कमी कशी?

याची दोन उत्तरं हमखास ऐकू येतात. कंपन्या पैसे वाचवतात, हे एक. असे प्रोसेसर घेणारी मंडळी खोक्यातला कूलर तशीही वापरत नाहीत, हे दुसरं. दोन्हींत तथ्य आहे, पण खरं कारण समजायचं तर चिपमधली उष्णता बाहेर कशी पडते ते आधी पाहावं लागतं.

प्रोसेसर जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर येते. १०० वॅट आत गेले की १०० वॅटची उष्णता बाहेर काढायची असते. ती चिपमधून वरच्या धातूच्या झाकणात जाते, तिथून उष्णता पुढे नेणाऱ्या थर्मल पेस्टमधून कूलरच्या तळाशी, मग तांब्याच्या हीटपाइपमध्ये. हीटपाइपच्या पोटात थोडासा द्रव असतो. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती पुन्हा द्रव होते आणि आतल्या जाळीतून परत खाली झिरपते. वर आलेली उष्णता अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत, म्हणजे फिनमध्ये, पसरते आणि पंखा ती हवेत ढकलतो.

या वाटेवरची प्रत्येक पायरी थोडा अडथळा करते. तळाला भोक असलेली पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. वरून नळ चालू आहे. नळाची धार म्हणजे वॅट, भोक म्हणजे कूलर, पाण्याची पातळी म्हणजे तापमान. पातळी वाढते तसं भोकावरचा दाब वाढतो आणि पाणी जास्त वेगाने बाहेर पडतं. शेवटी जेवढं येतं तेवढंच जातं आणि पातळी एका जागी थांबते. भोक लहान असेल तर ती फार वर जाऊन थांबते, एवढंच. प्रोसेसरचं तापमान याच पद्धतीने स्थिर होतं.

आता आकडे घालू. समजा खोलीत २५ अंश सेल्सिअस आहे आणि चिपपासून हवेपर्यंतचा एकूण अडथळा दर वॅटमागे ०.४ अंश आहे. साध्या छोट्या कूलरसाठी हिशेबाला हा आकडा धरू. ८८ वॅट घेणारा प्रोसेसर ३५ अंशांनी तापेल, म्हणजे ६० अंशांवर थांबेल. अगदी निवांत. तोच कूलर २५३ वॅट घेणाऱ्या प्रोसेसरवर ठेवला तर वाढ होते १०१ अंशांची, म्हणजे तापमान १२६. हे होऊच शकत नाही, कारण इंटेलचे असे प्रोसेसर १०० अंशांना स्वतःला आवरतात. मग १०० च्या आत राहायचं तर वीज किती घेता येईल? साधारण १८७ वॅट. उरलेल्या ६६ वॅटचा वेग तुम्ही विकत घेतला, पण तो वापरता येणार नाही.

अडथळा ०.२८ पर्यंत उतरवणारा मोठा कूलर लावला तर २५३ वॅटला ९६ अंश. जमलं. पण खोलीत २५ ऐवजी ४० अंश असतील तर तोच कूलर पुन्हा कमी पडतो आणि प्रोसेसरला २१४ वॅटच्या आसपास थांबावं लागतं. कूलर तोच, प्रोसेसर तोच, फक्त खोली बदलली.

२५३ हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. इंटेलच्याच आय९-१३९००केची कमाल टर्बो पॉवर, म्हणजे मूळ वेगाच्या वर धावताना तो जास्तीत जास्त घेईल ती वीज, तेवढीच आहे. मूळ पॉवर मात्र १२५ वॅट. एका प्रोसेसरला दोन आकडे, आणि मोठा आकडा लहान आकड्याच्या दुपटीहून जास्त. नवख्यांचा सगळा घोटाळा इथे होतो.

कित्येक वर्षं खरेदी करणाऱ्यासमोर एकच आकडा ठेवला जायचा, टीडीपी (थर्मल डिझाइन पॉवर). बहुतेकांना वाटतं की टीडीपी म्हणजे प्रोसेसर जास्तीत जास्त किती वीज खाईल ते. तसं नाही. इंटेलच्या हिशेबात तो प्रोसेसरच्या मूळ वेगाशी बांधलेला होता, आणि टर्बो सुरू झाला की प्रोसेसर तो सहज ओलांडायचा. २०२१ मध्ये बाराव्या पिढीपासून इंटेलने टीडीपी हे नाव सोडलं आणि मूळ पॉवर व कमाल टर्बो पॉवर असे दोन आकडे द्यायला सुरुवात केली. हे फार चांगलं झालं. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी हिच्या टीडीपीचं सूत्र आणखी वेगळं आहे: झाकणाचं तापमान वजा भोवतालच्या हवेचं तापमान, भागिले कूलरचा अडथळा. नीट पाहिलंत तर या सूत्रात विजेचा पत्ताच नाही. किती ताकदीचा कूलर लागेल, एवढंच ते सांगतं. एएमडीच्या एएम४ आणि एएम५ सॉकेटवरच्या प्रोसेसरची खरी विजेची मर्यादा साधारणपणे टीडीपीच्या १.३५ पट असते. ६५ चे ८८, १०५ चे १४२, १७० चे २३०. एएमडीचा प्रोसेसर घेताना हा गुणाकार करायची सवय लावा.

त्यात चिप लहान होत चालल्या आहेत. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत ज्या तुकड्यावर कोअर असतात त्याचं क्षेत्रफळ जेमतेम ७० चौरस मिलिमीटर आहे. रायझन ९ ७९५०एक्समध्ये असे दोन तुकडे असतात आणि सगळा मिळून प्रोसेसर २३० वॅटपर्यंत जातो. म्हणजे एका चौरस मिलिमीटरमागे एक वॅटहून जास्त उष्णता. एवढ्याशा जागेतून ती झाकणापर्यंत आणणं हीच अवघड पायरी, आणि ती कूलरच्या हातात नाही. म्हणूनच जड कामात हा प्रोसेसर ९५ अंशांना पोचतो. एएमडीने तो तसाच चालावा अशी रचना केली आहे. मोठा कूलर लावलात तर तापमान ९५ च राहील, वेग थोडा वाढेल. स्क्रीनवर ९५ दिसल्याबरोबर प्रोसेसर बिघडला म्हणून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कूलर खोक्यातून नेमका कधी गेला? एका फटक्यात गेला नाही. इंटेलने २०११ च्या अखेरीस कोअर आय७-३९६०एक्ससारखे सर्वांत वरचे प्रोसेसर कूलरशिवाय आणले, पण तो बाजार लहान होता. फरक जाणवला तो २०१५ मध्ये. २०१४ च्या आय७-४७९०केसोबत कूलर होता, २०१५ च्या आय७-६७००केसोबत नव्हता. म्हणून किंमत खाली आली का? नाही. कूलर वापरायचाच नाही तर त्याचे पैसे कशाला, हा युक्तिवाद मला पटतो. पण ते वाचलेले पैसे ग्राहकाकडे आले नाहीत, हेही तितकंच खरं, आणि त्याबद्दलची नाराजी रास्त होती.

एएमडीची चाल जास्त वळणावळणाची आहे, आणि म्हणूनच जास्त शिकवणारी. २०१७ मध्ये रायझन ७ १८००एक्स कूलरशिवाय, पण त्याहून स्वस्त १७०० कूलरसह. २०१८ मध्ये २७००एक्ससोबत रेथ प्रिझम हा चांगला, चार हीटपाइपचा कूलर आला. २०१९ मध्ये बारा कोअरच्या रायझन ९ ३९००एक्ससोबतही तोच. त्याच वर्षी नोव्हेंबरात सोळा कोअरचा ३९५०एक्स आला, आणि तो कूलरशिवाय. २८० मिलिमीटरचा लिक्विड कूलर (पंपाने द्रव फिरवून उष्णता रेडिएटरपर्यंत नेणारा) लावावा असं एएमडीने सुचवलं. दोघांचाही टीडीपी १०५ वॅट! आकडा एकच असताना एकाला खोक्यातला कूलर पुरतो आणि दुसऱ्याला मोठा लिक्विड कूलर लागतो. अशा वेळी खरेदी करणाऱ्याने त्या आकड्यातून काय समजायचं? पुढच्या वर्षी ५००० मालिकेत ५६००एक्सला छोटा कूलर मिळाला, ५८००एक्सपासून वरच्यांना काहीच नाही. २०२२ मध्ये ७००० मालिकेत एक्सवाल्या सगळ्यांचा कूलर गेला. आणि लगेच जानेवारी २०२३ मध्ये ६५ वॅट टीडीपीचे ७९००, ७७०० आणि ७६०० आले, तिघेही कूलरसह.

सर्वांत वरच्या प्रोसेसरसोबत कूलर नसावा, असं माझं मत आहे. पैशांपेक्षा मोठं कारण असं की तिथे योग्य कूलर कोणता हे प्रोसेसर एकटा ठरवतच नाही. वर खोलीच्या तापमानाचा हिशेब पाहिलाच. त्यात कॅबिनेटची भर घाला. एखाद्या कॅबिनेटमध्ये १६५ मिलिमीटर उंचीचा दोन टॉवरचा एअर कूलर आरामात बसतो, एखाद्यात ७० मिलिमीटरच्या वर काही चालत नाही. एखाद्यात वरच्या बाजूला लिक्विड कूलरचा ३६० मिलिमीटरचा रेडिएटर बसतो, एखाद्यात रॅमच्या उंच पट्ट्या आडव्या येतात. एकाला व्हिडिओ रेंडर करताना पंख्याचा आवाज चालतो, दुसरा त्याच टेबलावर आवाज रेकॉर्ड करतो. २५० वॅटच्या प्रोसेसरसाठी यातला एक पर्याय कंपनीने सगळ्यांच्या वतीने निवडला तर बऱ्याच जणांच्या घरी तो पडून राहील. तो पडून राहणं स्वस्त नाही. खनिजातून नवीन अॅल्युमिनियम काढताना फक्त विद्युत अपघटनाच्या टप्प्यावर दर किलोमागे १४ युनिटच्या आसपास वीज जाते. न वापरलेला कूलर म्हणजे फुकट गेलेला धातू, फुकट गेलेली वीज, आणि खोकं मोठं झाल्यामुळे फुकट गेलेली वाहतूक.

खोक्यातल्या कूलरची गुणवत्ता हा प्रश्नही आहेच. इंटेलचा जुना गोल कूलर ज्यांनी हाताळला आहे त्यांना त्याचे चार प्लॅस्टिकचे खिळे आठवतील. प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर एक बाण. बसवताना बाण एका दिशेला, काढताना दुसऱ्या. दाबायचे ते समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन एकदम, आणि ‘टक्’ असा आवाज यायलाच हवा. मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये आधीच बसवलेला असेल तर तो दाबताना चक्क वाकतो. तीन खिळे बसले आणि चौथा नुसता टेकला, तर वरून सगळं ठीक दिसतं. मागच्या बाजूने पाहिलं तरच कळतं की चौथ्याचं टोक फाकलेलं नाही. कूलरचा एक कोपरा अधांतरी, पेस्ट एका बाजूला जाड, आणि साध्या कामालाही तापमान नव्वदीच्या घरात. २००४ च्या एलजीए७७५ सॉकेटपासून ही पद्धत चालत आली. ६५ वॅटला ती चालून जाते. २०० वॅटच्या प्रोसेसरला लागतो तो जड धातूचा गोळा असल्या खिळ्यांवर लटकवता येत नाही. त्याला मागून धातूची पट्टी आणि स्क्रूच हवेत.

आता माझ्या मताच्या विरोधातला सर्वांत भक्कम मुद्दा. तो आहे ग्राफिक्स कार्डांचा. २०२२ चं आरटीएक्स ४०९० ४५० वॅट घेतं, म्हणजे वर सांगितलेल्या कुठल्याही प्रोसेसरच्या बरंच पुढे. ते कूलरसकटच येतं आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. खोल्या तिथेही वेगवेगळ्या, कॅबिनेटही वेगवेगळी. मग प्रोसेसरला का जमत नाही?

फरक असा की ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्याच्या हातात पूर्ण बोर्ड असतो. चिपची उंची, मेमरी कुठे आहे, वीजपुरवठ्याचे भाग कुठे तापतात, स्क्रू कुठे येणार, हे सगळं तोच ठरवतो आणि कूलर त्या बोर्डाच्या मापाने घडवतो. शिवाय तो एकाच चिपची अनेक मॉडेल काढतो, दोन पंख्यांचं, तीन पंख्यांचं, लिक्विडचं. म्हणजे निवड तिथेही आहे, फक्त ती कार्ड घेतानाच होते. प्रोसेसर बनवणारा मात्र झाकणावर येऊन थांबतो. पुढचा मदरबोर्ड दुसऱ्याचा, कॅबिनेट तिसऱ्याचं. त्याच्या हाती फक्त सॉकेटभोवतालची ठरवून दिलेली जागा उरते, आणि सगळ्या बोर्डांवर बसेल असा कूलर त्या जागेतच मावायला हवा. तरीही हा मुद्दा एक गोष्ट सिद्ध करतो: ४०० वॅटच्या पुढची चिप उत्तम कूलरसह विकता येते. ‘एवढ्या उष्णतेला सोबत कूलर देणं शक्यच नाही’ असं जे म्हणतात, त्यांचं म्हणणं तंत्राच्या दृष्टीने खरं नाही.

समजा कुणी जबरदस्त प्रोसेसर घेतला आणि त्यावर छोटा कूलर ठेवला. प्रोसेसर जळेल का? आजचा नाही. तापमान मर्यादेला टेकलं की तो वेग आणि व्होल्टेज कमी करतो, आणि त्याने भागलं नाही तर मशीन बंद पाडतो. ही राखण सगळ्याच चिपमध्ये पहिल्यापासून नव्हती. २००१ च्या सुमाराला चालू मशीनवरून कूलर निघाला तर काही प्रोसेसर खरोखरच जळायचे. आता नुकसान होतं ते वेगाचं, आणि तेही वाटतं तेवढं नाही. चिपची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि वर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. शेवटचा थोडासा वेग मिळवायला व्होल्टेज बरंच चढवावं लागतं, म्हणून शेवटचे वॅट फार कमी काम देतात. ७९५०एक्सला बायोसमधून (मदरबोर्डच्या सेटिंगमधून) कमी विजेच्या इको मोडमध्ये ६५ वॅटच्या टीडीपीवर बांधलं तरी तो सोळा कोअरचाच प्रोसेसर राहतो आणि आपला बहुतेक वेग राखतो. पैसे कूलरवर घालवायचे नसतील तर हा पूर्णपणे शहाणपणाचा मार्ग आहे. कंपन्यांनी तो जास्त ठळकपणे सांगायला हवा.

उलट बाजूनेही हेच. आय९-१२९०० सोबत कूलर येतो म्हणून तो थंड प्रोसेसर आहे असं समजू नका. त्याची मूळ पॉवर ६५ वॅट, कमाल टर्बो २०२. सोबतचा कूलर ६५ च्या हिशेबाने दिलेला आहे. ब्राउझर, ऑफिसची कामं, थोडं गेमिंग याला तो पुरतो. तासन्‌तास रेंडरिंग करायचं आणि सगळे कोअर पूर्ण वेगाने धावायला हवेत, तर कूलर वेगळा घ्यावाच लागतो.

माझा खरा आक्षेप मधल्या पायरीवर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेले रायझन ५ ९६००एक्स आणि रायझन ७ ९७००एक्स हे ६५ वॅट टीडीपीचे, ८८ वॅटच्या आत राहणारे प्रोसेसर. तेही कूलरशिवाय आले. इथे उष्णतेचं कारण लागू होत नाही. ८८ वॅटला साधा कूलर ६० अंशांच्या आसपास थांबतो हे वर पाहिलंच. तेवढ्याच टीडीपीच्या ७९०० सोबत त्याच कंपनीने रेथ प्रिझम दिला होता. हे प्रोसेसर घेणाऱ्यांत पहिल्यांदा असेंबल करणारे बरेच असतात, आणि खोकं उघडल्यावर मशीन सुरूच होणार नाही हे त्यांना तेव्हा कळतं. उत्पादनाच्या पानावर बारीक अक्षरात ‘कूलर समाविष्ट नाही’ असं लिहिलेलं असतं, ते दहा ओळींच्या तक्त्यात कुणाच्या नजरेला पडणार? ८८ वॅटपर्यंतच्या प्रत्येक प्रोसेसरचं एक खोकं कूलरसह मिळायलाच हवं. ज्याला नको त्याने बिनकूलरचं, थोडं स्वस्त खोकं घ्यावं.

साध्या कूलरचा आणखी एक उपयोग लोक विसरतात. लिक्विड कूलरचा पंप बंद पडला की नवीन येईपर्यंत मशीन ठप्प होतं. कपाटात एक छोटा कूलर असला तर वीज मर्यादित करून काम चालू ठेवता येतं. कॉम्प्युटर सुरू होत नसेल तर दोष कुठे आहे हे शोधतानाही तो कामी येतो. पण त्यासाठी कूलर त्याच सॉकेटचा लागतो. इंटेलने एलजीए१२०० वरून एलजीए१७०० वर येताना मदरबोर्डवरच्या भोकांतलं अंतर ७५ वरून ७८ मिलिमीटर केलं आणि जुने कूलर नव्या ब्रॅकेटशिवाय बसेनासे झाले. एएमडीने एएम५ आणताना उलट केलं. एएम४चे बहुतेक कूलर चालावेत म्हणून उंची आणि बसवण्याची जागा तीच ठेवली, त्यासाठी झाकण जाड झालं तरी. ग्राहकाकडे आधीच असलेला चांगला कूलर पुढच्या प्रोसेसरवर चालू देणं, हे मला खोक्यात नवीन फुकट कूलर देण्यापेक्षा मोठं देणं वाटतं.

वरच्या प्रोसेसरच्या खोक्यात मग काय असावं? २०१७ च्या पहिल्या थ्रेडरिपर प्रोसेसरच्या खोक्यात एएमडीने कूलर दिला नव्हता. पण त्या अवाढव्य सॉकेटचे स्क्रू नेमके किती घट्ट करायचे यासाठी खास टॉर्क स्क्रूड्रायव्हर दिला होता, आणि असेटेक या कंपनीच्या बनावटीचे लिक्विड कूलर बसवता यावेत म्हणून ब्रॅकेटही. बाहेर सहज न मिळणारी वस्तू द्यायची आणि निवडीची वस्तू ग्राहकावर सोडायची, ही विभागणी मला सर्वांत योग्य वाटते. त्यात खोक्याच्या पुढच्याच बाजूला, कोअरच्या संख्येएवढ्या मोठ्या अक्षरात, दोन ओळी हव्यात: कमाल वीज इतके वॅट, आणि आत कूलर आहे किंवा नाही.